चरबीची नळी

पहिला स्मोकर, म्हणजे मटण धुरावर शिजवायची पेटी, मी जुन्या कूलरच्या पत्र्याचा केला आणि त्यानं आम्हा नवराबायकोला दोन दिवस अंथरुणाला खिळवलं. कूलरची मोटर जळाली होती, खसच्या ताट्या कुजल्या होत्या. मी आत आडव्या सळया बसवल्या, खाली निखारे ठेवले आणि वर मीठ, हळद, लसूण चोळलेलं डुकराचं मटण टांगलं. असल्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो आणि तो तापला की धूर विषारी होतो, हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोघांना हुडहुडी भरली, ताप चढला, तोंडात लोखंडाची चव आली. बायको बादलीवर वाकून उलट्या करता करता म्हणाली, "अजी, एकवीस वर्सं गोळ्यांतून वाचले तुमी. आता मले कूलरनं मारता का?"

मटण खड्ड्यात पुरलं. पण ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मी एका फोर्समध्ये एकवीस वर्षं नोकरी केली आणि पेन्शनीवर आंधळगावला परत आलो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. धानाची थोडी शेती. नोकरीतली सात वर्षं मी ईशान्येच्या डोंगरांत होतो. तिथं प्रत्येक घरात चुलीवर बांबूचा माचा टांगलेला असतो आणि त्यावर मांस ठेवतात. महिनोन्‌महिने धूर खाऊन ते कोळशासारखं काळं होतं, आणि मग बांबूच्या कोंबांबरोबर शिजवलं की त्याला जी चव येते ती मला इकडे कुठंच मिळाली नाही.

ते मांस मी पहिल्यांदा पाहिलं ते एका झडतीत. मी सव्वीस वर्षांचा होतो. आदल्या आठवड्यात आमचा एक माणूस मारला गेला होता आणि आम्ही त्या रागातच गावात शिरलो होतो. घरात एक म्हातारा आणि म्हातारी. मी बंदुकीच्या दस्त्यानं माचा खाली पाडला, वर काही लपवलं आहे का बघायला. मांसाचे तुकडे राखेत पडले. म्हातारा काहीतरी बोलला, त्यांच्या भाषेत, मला कळलं नाही. मी तोच दस्ता त्याच्या तोंडावर मारला. दोन दात पडले, तेही राखेतच. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खाली बसली, मांसाचा एकेक तुकडा उचलून अंगावरच्या पदरासारख्या कापडानं पुसत राहिली. घरात काहीही सापडलं नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या गावात एका शाळेच्या चौकीदारानं मला घरी जेवायला बोलावलं आणि तेच मांस वाढलं. मी तीनदा मागून घेतलं. जेवताना मला म्हातारा आठवला का? आठवला असं लिहिलं तर बरं दिसेल. नाही आठवला.

दुसरा स्मोकर मी नीट विचार करून केला. भंडाऱ्याच्या भंगारवाल्याकडून खाद्यतेलाचा दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम आणला आणि आत लाकडं पेटवून रंग, तेल सगळं जाळून घेतलं. मोहाडीच्या वेल्डिंगवाल्यानं बुडाशी हवेसाठी चार भोकं पाडली, त्यांवर सरकणारी पट्टी लावली, आणि झाकणाला धुराडं बसवून त्यात उघडझाप करणारी चकती घातली. मोबाईलवर व्हिडिओ पाहून काही गोष्टी कळल्या, बाकीच्या चुकून. ओली बाभूळ जाळली तर मटण कडू होतं. आंब्याचं वर्षभर वाळलेलं लाकूड उत्तम. खालची भोकं पूर्ण उघडी ठेवली तर मटण भाजून निघतं आणि फार बंद केली तर आग गुदमरून काजळी धरते. धूर पांढरा दाट नको, पातळ हवा. इतका पातळ की त्याच्या मागचं झाड दिसलं पाहिजे.

असा धूर निघाला त्या दिवशी मी ड्रमपुढे पाच तास बसून होतो. बायको शाळेतून आली, तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि तशीच उभी राहून खात राहिली. पर्स खांद्यालाच होती.

घरामागच्या जागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. माझ्या सांदवाडीला लागून माझ्या चुलतभावाची सांदवाडी. मध्ये फक्त बांबूचा कूड. भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. तलावात पोहायला त्यानंच मला शिकवलं. मी नोकरीवर असताना माझ्या आईला दवाखान्यात तोच नेत असे, आणि ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत तिच्या उशाशी तोच बसून होता. शांत माणूस. पौर्णिमेला विहारात पंचशील सांगायला तो पुढे असायचा. त्याचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. मटणाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती, तो स्वतः खायचा. पण वहिनीला दमा होता.

एक दिवस दादा कुडापाशी आला. हातात वहिनीचा पंप होता, तो त्यानं मला दाखवायला म्हणून आणला नव्हता, घाईत हातातच राहिला होता.

"बापू, तुया वैनीची छाती भरून राहिली. हवा आमच्याकडं रायली का नोको पेटवत जाऊ ना."

"हवा का माया हातात हाय, दादा?"

"ड्रम तं हाय."

मी हसलो. पण मनाला लागलं, आणि मी कामाला लागलो. धुराड्याला तीन फूट पाइप जोडून ते उंच केलं. थोडा फरक पडला. मग लक्षात आलं की खरा त्रास लाकडाचा नाहीच, चरबीचा आहे. मटणातून चरबी निखाऱ्यावर पडते आणि तिचा काळा, घशाला बसणारा धूर होतो. मी मटणाच्या खाली एक तिरपा ट्रे बसवला, ट्रेच्या टोकाला अर्ध्या इंचाची लोखंडी नळी जोडली आणि ती ड्रमच्या बाहेर काढली. चरबी आता निखाऱ्यावर न पडता नळीतून बाहेर, कुडाच्या कडेला, केळीच्या आळ्यात पडू लागली. धूर एकदम निवळला. मटणही सुधारलं. दोन दिवसांनी वहिनी स्वतः कुडापलीकडून म्हणाली, "आता बरं हाय, भाऊजी." मला इतका आनंद झाला की मी बायकोला शाळेत फोन करून सांगितलं.

त्या नळीमुळे पुढचं सगळं झालं.

आधी दोन कुत्री आली. केळीच्या आळ्यातली माती चाटत बसली. मग पाच झाली. मार्च सरेपर्यंत अख्ख्या आळीची कुत्री आमच्या मागं जमू लागली, ड्रम पेटला नसला तरी. ती माती उकरत, आपसात भांडत, एकमेकांचे कान फाडत. एका कुत्र्याचा डोळा बाहेर आलेला मी पाहिला, ते तसंच येऊन चाटत होतं. बायको म्हणाली, "नळीच्या तोंडी डबा ठेवा न. झाकणाचा." मी म्हणालो, उद्या ठेवतो. तेवढंच काम होतं. एक डबा.

दादानंही सांगितलं. "बापू, कुत्रे लय जमून राहिले. मायी बकरी गाभण हाय, मांगंच बांधली रायते."

त्या दिवशी माझं डोकं दुसऱ्याच कशानं तरी तापलेलं होतं. मी म्हणालो, "कुत्रे गावचे हायत, माये नाई. तुयी तांबडी कुत्री बी त्यातच हाय. तिले आधी बांध."

दादाची तांबडी कुत्री म्हातारी होती. ती दादाबरोबर शेतात जायची, त्याच्याबरोबर परत यायची. दादा आत गेला.

एप्रिलचा शेवट होता. रविवार, सकाळचे नऊ-दहा वाजलेले, पण ऊन पाठीला चटके देत होतं. मी पहाटेच ड्रम पेटवला होता. आत चांगलं सहा किलो मटण होतं. बायको स्वयंपाकघरात, मी समोरच्या अंगणात लाकडं फोडत होतो. मागून आवाज आला. बकरी ओरडते तो आवाज मला माहीत आहे. हा तसा नव्हता, माणसासारखा होता.

मी धावताना ड्रमजवळची सळई उचलली. ती सळई मी निखारे सारायला ठेवली होती, साडेतीन फुटांची, अंगठ्याएवढी जाड. कुडाला एके ठिकाणी भगदाड पडलं होतं, मी त्यातून आत शिरलो.

बकरी दाव्याला बांधलेली असल्यानं तिला पळता आलं नव्हतं. ती आडवी पडली होती आणि चार-पाच कुत्री तिच्या मागच्या बाजूनं लागली होती. पोट उघडलं होतं. आतली दोन पिल्लं बाहेर ओढलेली होती, ओली, पांढुरकी, एकाचा पाय हलत होता. बकरीचं डोकं वर होतं. ती बघत होती.

मी पहिला फटका मारला तो एका काळ्या कुत्र्याच्या कमरेवर बसला. ते मागचे पाय ओढत फिरलं, मी दुसरा डोक्यात घातला. ते पडलं. बाकीची पांगू लागली. एक तांबडं कुत्रं मात्र पळालं नाही. ते बकरीच्या तोंडापाशी उभं होतं, तोंड रक्तानं भरलेलं, दात विचकून गुरगुरत होतं. मी सळई दोन्ही हातांनी धरली आणि मारली. ते खाली बसलं. मी पुन्हा मारली. ते मेल्याचं मला कळलं होतं, हे मी इथं लिहून ठेवतो. मला कळलं होतं आणि मी मारत राहिलो. किती वेळा ते माहीत नाही. हात दुखत होते आणि ते दुखणं बरं वाटत होतं.

"अरे, तिनं का केलं बे?"

दादा मागच्या दारात उभा होता. त्याच्या अंगावर फक्त बनियन आणि टॉवेल. त्यानं सगळं पाहिलं होतं. तो म्हणाला, अगदी हळू, "ते तं त्याईले हाकलून राहिली होती. ते बकरीले वाचवून राहिली होती."

मी खाली पाहिलं. तांबडीच्या मानेला आणि कानाला चावल्याच्या खुणा होत्या. तिच्या जबड्यात काळ्या कुत्र्याचे केस अडकलेले होते.

त्याच क्षणी मी सळई टाकायला हवी होती. माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "तुले सांगतलं होतं, बांधून ठेव म्हणून."

दादा आत गेला. मला वाटलं, पाणी आणायला गेला. तो कुऱ्हाड घेऊन आला.

तो माझ्याकडे आला नाही. माझ्या बाजूनं निघून भगदाडातून माझ्या सांदवाडीत शिरला आणि त्यानं पेटलेल्या ड्रमवर कुऱ्हाडीचा घाव घातला. लोखंडाचा आवाज अख्ख्या आळीत गेला असेल. दुसरा घाव. तिसऱ्या घावाला ड्रम विटांवरून घसरला, झाकण उडालं आणि निखारे जमिनीवर पसरले, त्यांत मटणाचे तुकडे. मी मागून जाऊन त्याची बनियन धरली. तो वळला. कुऱ्हाडीचा दांडा माझ्या बरगड्यांवर बसला, पातं नाही, दांडाच. त्यानं दांडाच मारला हे मला पुढे कित्येक दिवसांनी समजलं. तेव्हा मला फक्त इतकं दिसलं की त्याच्या हातात कुऱ्हाड आहे.

मी सळई फिरवली. त्यानं उजवा हात आडवा केला. हाड मोडल्याचा आवाज येतो. मी तो आवाज नोकरीत ऐकला होता, आणि तरीही मी दुसऱ्यांदा सळई उचलली. तेवढ्यात वहिनी मध्ये आली. ती कुठून आली ते मला दिसलं नाही. तिनं दोन्ही हातांनी माझी छाती ढकलली, मी तिला झटकलं, नुसतं झटकलं, आणि ती मागं निखाऱ्यांवर गेली. अनवाणी होती. दोन पावलं तिनं निखाऱ्यांतच टाकली आणि मग हातांवर पडली.

ती किंचाळली नाही. दम्यामुळे तिला किंचाळण्याएवढा श्वासच नव्हता. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता.

माझी सळई अजून वर होती. मग माझ्या तोंडावर पाणी आदळलं. बायकोनं बादली उपडी केली होती, आणि ती रिकामी बादली तिनं माझ्या डोक्यात घातली. पूर्ण जोरानं. मी गुडघ्यांवर आलो. ती ओरडली, "टाका ते! टाका!" मी सळई सोडली तेव्हा माझी बोटं उघडत नव्हती, तिनं ती एकेक करून उघडली.

वहिनीला तिनंच उचललं, पाय हौदात बुडवले, पंप तोंडात दिला. शेजारचे लोक आले. कोणीतरी ऑटो आणला. दादा ड्रमला टेकून बसला होता, मोडलेला हात मांडीवर ठेवून, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. ड्रम तापलेला होता आणि त्याची पाठ भाजत होती, हे त्याला कळत नव्हतं. मीच त्याला तिथून ओढून बाजूला केलं. त्यानं ओढू दिलं.

मागं बकरी अजून जिवंत होती. आळीतल्या एका म्हाताऱ्यानं सुरी फिरवून तिला मोकळं केलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात दादाच्या हातात स्टीलची पट्टी बसवून स्क्रू लावले. दोन्ही हाडं मोडली होती. वहिनीच्या तळव्यांची कातडी निघाली होती. मला डोक्याला पाच टाके आणि एका बरगडीला तडा. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून होतो, दार उघडं होतं. दादानं सांगितलं, "मी ड्रम पाडाले गेलो, पाय घसरला, हातावर पडलो." जमादारानं वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "मी पडली."

"दोघं बी पडले?"

"हो."

जमादार हसला. मला वाटलं, त्यांनी मला वाचवलं. मी आत गेलो आणि वहिनीच्या पलंगाशी उभा राहून म्हणालो, "वैनी, उपकार झाले तुमचे."

तिनं डोळे उघडले. "तुमच्यासाठी नाई सांगतलं. आमाले तिथंच रायचं हाय, कुडाच्या पलीकडं. तुमी जेलातून आल्यावर का करसान, त्याची भीती वाटली मले." मग तिनं तोंड भिंतीकडे केलं.

त्या आठवड्यात शाळेला सुट्ट्या लागल्या. बायकोनं बॅग भरली. तिचं माहेर साकोली तालुक्यातलं, एकोडीचं. मी म्हणालो, दोन दिवसांनी मी नेऊन सोडतो. ती म्हणाली, एसटीनं जाते. मग बॅगेची चेन लावून ती खाटेवर बसली.

"तुमी मले कधी हात लावला नाई," ती म्हणाली. "हे मी मायेरी बी सांगतो, अभिमानानं सांगतो. पण तुमी सुट्टीवर येत होते न, तवापासून मी घरात पायतो, जड वस्तू कुठं कुठं हाय. मुसळ कुठं हाय. वरवंटा कुठं हाय. तुमच्या आवाजावरून समजते मले, कवा मुसळ बाजूले ठेवाचं ते."

"कवापासून?"

"सांगतलं न. पयल्या सुट्टीपासून."

आमचं लग्न झडतीच्या वर्षीच झालं होतं. म्हणजे तेव्हापासून. मी तिला म्हाताऱ्याबद्दल तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, दातांबद्दल आणि राखेबद्दल. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही, मला जवळही घेतलं नाही. "त्या म्हातारीचं का झालं?" एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं. ती उठली आणि एसटीच्या वेळेला निघून गेली.

मे महिना मी एकट्यानं काढला. सांदवाडीत ड्रम आडवा पडलेला होता, त्याला कुऱ्हाडीच्या दोन भेगा आणि एक पोचा. मटणाचे तुकडे कुत्र्यांनी नेले. तांबडीला शेजाऱ्यांनी त्याच दिवशी घाईत वरवर पुरलं होतं, दवाखान्यातून आल्यावर दादानं एका हातानं, डाव्या, फावड्यानं तिच्यावर आणखी माती ओढली. मी कुडाच्या अलीकडून पाहत होतो. मी जाऊन फावडं मागितलं असतं तर त्यानं दिलं असतं का, माहीत नाही. मी गेलो नाही. कुडाचं भगदाड मात्र मी बुजवलं, नवे बांबू आणून. ते काम करताना पलीकडून वहिनीच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी दोनदा तिच्या दारात गेलो आणि दोनदा तसाच परत आलो. तिसऱ्यांदा उभा राहिलो आणि म्हणालो, "चूक झाली माही." ती तांदूळ निवडत होती. "बरं," म्हणाली. ते बरं म्हणजे ऐकलं एवढंच.

जूनच्या मध्यावर मी एकोडीला गेलो. बायकोनं चहा दिला, ओट्यावर बसवलं, आत बोलावलं नाही.

"ड्रम मोडून भंगारात देऊन टाकतो," मी म्हणालो.

"मोडून का होते? ड्रमनं थोडंच मारलं." मग म्हणाली, "मी शाळा सुरू झाली का येईन. पण राग आला का घरातून बाहेर तुमी जाचं. मी नाई जाणार. तुमीच जाचं, चप्पल घालून, रस्त्यावर. आणि राग उतरला का मंगच याचं."

मी हो म्हणालो. मला वाटलं होतं की ही अट सोपी आहे. शाळा सुरू होऊन पहिल्या पंधरा दिवसांत मी चार वेळा चप्पल घालून बाहेर गेलो. एकदा तर जेवण अर्ध्यावर टाकून, हात न धुता. तलावाच्या पाळीवर बसलो की लोक विचारत, काय फौजी, फिराले का? मी हो म्हणायचो.

ड्रम मी दुरुस्त केला. वेल्डिंगवाल्यानं भेगांवर पट्ट्या जोडल्या, पोचा बाहेर ठोकून काढला. काय झालं होतं ते त्याला माहीत होतं. ड्रम मी सांदवाडीत नाही, शेतात नेला, वस्तीपासून दूर, आंब्याच्या झाडाखाली. नळीचं तोंड एका झाकणाच्या डब्यात सोडलं, डब्यात राख घातली. चौफेर जाळी मारली. निखारे सारायला आता सळई नाही, हातभर लांबीचा पातळ चिमटा आहे, त्यानं कोणाला मारलं तर चिमटाच वाकेल. पहिली खेप जमली नाही. जोडलेल्या पट्टीच्या कडेनं हवा आत शिरत होती, आग भडकत होती, मटण बाहेरून करपलं आणि आतून कच्चं राहिलं. कडेला माती आणि शेणाचा लेप दिला, खालची पट्टी अर्ध्या बोटानं सरकवली. दुसरी खेप बरी निघाली. मी एका ताटात थोडं झाकून दादाच्या घरी नेलं. वहिनीनं ताट घेतलं. संध्याकाळी तेच ताट, तसंच झाकलेलं, आमच्या ओट्यावर होतं.

जुलैत रोवणीचे दिवस आले. दादाच्या उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत. पकड नाही. नांगराची मूठ, फावडं, काहीच धरता येत नाही. त्याची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, आमच्या बांधीला लागून आहे. सगळ्यांच्या शेतात चिखल झाला, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून रोवणीला बाया लागल्या, आणि त्याचं शेत तसंच पडून होतं. मी ट्रॅक्टर बोलावला, माझ्या शेताचा चिखल झाल्यावर त्याला दादाच्या बांधीत घातलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, किंवा काहीच बोलला नसता, आणि मला दोन्ही सहन झालं नसतं.

दादा पारेवर येऊन बसला, म्हणजे बांधीच्या कडेच्या मातीच्या बांधावर. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. पाऊस बारीक पडत होता. ट्रॅक्टर फिरत होता, मी मागं घोट्यापर्यंत चिखलात चालत उरलेली ढेकळं पायानं फोडत होतो. दुपार झाली. बायकोनं माझा डबा पाठवला होता, तो मी पारेवर, त्याच्यापासून दोन हातांवर ठेवला आणि उघडला. त्यानं पाहिलं नाही. मी जेवलो नाही, परत कामाला लागलो.

ट्रॅक्टर गेल्यावर मी फावडं घेऊन पार नीट करत होतो. माझी पाठ त्याच्याकडे होती. हातात लोखंड असताना माझ्या पाठीमागं तो बसला आहे, हे मला सारखं जाणवत होतं. त्याला माझी भीती वाटत असेल का? मग मी फावडं चिखलात रोवलं आणि हातांनीच माती ओढू लागलो.

"खालच्या कोपऱ्यात पाणी लय होऊन राहिलं," दादा म्हणाला. एप्रिलनंतरचं त्याचं माझ्याशी हे पहिलं बोलणं. आवाज नेहमीसारखाच, हळू. "पऱ्हे सडतीन. पार फोड थोडीशी."

"किती फोडू?"

"वीतभर."

मी कोपऱ्यात गेलो आणि हातानं पारेची वीतभर माती काढली. गढूळ पाणी खालच्या बांधीत वाहू लागलं. मागं वळून पाहिलं तेव्हा दादा उठून घराकडे निघाला होता, मोडका हात पोटाशी धरून, पारेवरून तोल सावरत. उद्या रोवणीला बाया सांगायच्या का, हे मी त्याला विचारणार होतो. ते राहून गेलं.